आधी मुक्काम, मग बातमी

परदेशात जाऊन वृत्तछायाचित्रण करायचं तर तिथवर पोचायचा रस्ता कोणता, यावर दोन मतं आहेत आणि ती एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. पहिलं मत असं की, रोजच्या बातमीच्या धावपळीत ज्याचा हात बसला आहे तोच परक्या देशातल्या दंगलीत किंवा युद्धात उभा राहू शकतो. एकाच विषयाला वर्षानुवर्षं चिकटून राहणाऱ्या डॉक्युमेंटरी छायाचित्रकाराचं ते काम नव्हे. दुसरं मत असं की, परक्या माणसाच्या दुःखावर कॅमेरा रोखण्याचा अधिकार मुक्कामानं मिळतो, आणि मुक्कामाची सवय डॉक्युमेंटरी कामातच लागते. मी दुसऱ्या मताचा आहे. पहिलं मत मात्र कसलेल्या माणसांचं आहे, त्यामागे भक्कम उदाहरणं आहेत, म्हणून ते इथे एका वृत्तसंपादकाच्या तोंडी घालून पूर्ण जोरानिशी मांडलं आहे. वादाच्या केंद्रस्थानी अमेरिकन छायाचित्रकार सुझन मायसेलस आणि त्यांचं निकाराग्वातलं काम आहे. या प्रश्नाच्या जवळपास सगळ्या बाजू त्या एकाच कामात सापडतात.

संपादक : तुम्ही निवडलेलं उदाहरण तर माझ्याच बाजूनं साक्ष देतं. १० जानेवारी १९७८ रोजी निकाराग्वात ‘ला प्रेन्सा’ या दैनिकाचे संपादक पेद्रो होआकिन चामोरो कामावर निघाले असताना त्यांना गोळ्या घालून मारलं. मायसेलस यांनी ती बातमी अमेरिकेत वाचली आणि जूनमध्ये त्या निकाराग्वात दाखल झाल्या. कुणी पाठवलं नव्हतं. हातात असाइनमेंट नव्हती, भाषा फारशी येत नव्हती, देशाची माहिती वाचनापुरती. आणि त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस त्यांचा फोटो ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’च्या मुखपृष्ठावर आला. म्हणजे जूनमध्ये पोचल्या आणि जुलैत छापून आल्या. यात मुक्काम कुठे आला? बातमीचा अंदाज असणं आणि वेळेवर हजर असणं, एवढंच यातून सिद्ध होतं. आम्ही फोटो डेस्कवर बसून तरुण मुलांकडून दुसरं काय मागतो?

लेखक : तारखा बरोबर आहेत, पण तुम्ही मोजायला जूनपासून सुरुवात केलीत. त्याआधीची सात वर्षं धरा. १९७१ मध्ये हार्वर्डमध्ये शिकत असताना मायसेलस केंब्रिजमधल्या ४४, आयर्विंग स्ट्रीट या घरात खोली घेऊन राहत होत्या. त्याच घरातल्या इतर भाडेकरूंचे त्यांनी ज्याच्या त्याच्या खोलीत फोटो काढले. इथवर यात विशेष काही नाही. पण नंतर प्रिंट घेऊन त्या पुन्हा त्याच दारांवर गेल्या आणि या फोटोत तुम्ही स्वतःला कसे दिसता ते लिहून द्या, असं प्रत्येकाला सांगितलं. लोकांनी लिहून दिलेला तो मजकूर त्या कामाचाच भाग झाला. पुढे १९७२ ते १९७५ अशा उन्हाळ्यांत त्या न्यू इंग्लंडच्या लहान गावांतल्या जत्रांमध्ये नग्ननृत्याचे तंबू फिरायचे त्यांच्याबरोबर हिंडल्या. तंबूत नाचणाऱ्या बायका, त्यांचे मॅनेजर, तिकीट काढून आत येणारे पुरुष, या सगळ्यांचे फोटो घेतलेच, शिवाय सगळ्यांचं बोलणं टेपवर घेतलं. मधल्या काळात शाळांमधून मुलांना फोटोग्राफी शिकवली. ‘कार्निव्हल स्ट्रिपर्स’ हे पुस्तक १९७६ मध्ये आलं आणि त्याच वर्षी मॅग्नम या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेत त्यांचा प्रवेश झाला. निकाराग्वाला निघालेल्या बाईच्या पाठीशी युद्धाचा अनुभव शून्य होता, हे खरं. पण ज्या जागेत आपल्याला कुणी बोलावलेलं नाही तिथे कसं वागायचं, कुणाच्या परवानगीनं उभं राहायचं, आणि फोटो काढून झाल्यावर त्या माणसाचं आपण काय देणं लागतो, हे तिला ठाऊक होतं. तुम्ही ज्या मुखपृष्ठाचा दाखला देता त्यात काय आहे ते जरा नीट पाहू. मसाया शहरातली मोनिंबो ही मूळनिवासी वस्ती. तिथल्या पारंपरिक नाचात घालतात ते जाळीचे, रंगवलेले मुखवटे चढवून हुकूमशाहीविरुद्ध उठलेले काही तरुण झाडीत घरगुती बॉम्ब फेकण्याचा सराव करताहेत. ओळख लपवण्यासाठी मुखवटा घालणाऱ्या, पकडलं गेलं तर जिवाला मुकणाऱ्या या मुलांनी एका परक्या बाईला तिथे उभं राहू दिलं. असा फोटो मिळायला बातमीचा अंदाज पुरत नाही. आधी त्या मुलांनी विश्वास टाकावा लागतो.

संपादक : विश्वास मिळवायला सात वर्षं लागतात, असा नियम यातून निघत नाही. आपल्याच माणसाचं उदाहरण घ्या. भावनगरचे किशोर पारेख. १९७१ च्या डिसेंबरात तेही कुणी न पाठवता बांगलादेशात घुसले. सुमारे दोन आठवडे काम केलं आणि त्यातून ६७ फोटोंचं ‘बांगलादेश : अ ब्रूटल बर्थ’ हे पुस्तक उभं राहिलं. त्या युद्धाची इतकी थेट नोंद आपल्याकडे क्वचितच कुणी केली असेल. पारेख थांबले नाहीत, थांबू शकत नव्हते, कारण युद्धच दोन आठवड्यांत संपलं. तिथे तुमच्या पद्धतीचा माणूस ओळखी वाढवत बसला असता आणि त्याच्या हाती काही लागलं नसतं.

लेखक : पारेखांच्या कामाबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे, आणि युद्ध कुणाच्या मुक्कामासाठी खोळंबत नाही हेही मान्य. पण ते दोन आठवडे कुणाचे होते? कॅलिफोर्नियात चित्रपट आणि डॉक्युमेंटरी छायाचित्रणाचं शिक्षण घेऊन आलेला, ‘हिंदुस्तान टाइम्स’चा मुख्य छायाचित्रकार म्हणून काम केलेला, १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात भुकेल्या माणसांसमोर उभा राहिलेला तो छायाचित्रकार होता. ढाक्याच्या रस्त्यावर त्यांना जे क्षणार्धात दिसलं ते दिसायची नजर बिहारमध्ये घडली होती. डॉक्युमेंटरी काम संथ असतं म्हणून ते करणारा माणूस प्रसंगी चपळ नसतो, असं तुम्ही गृहीत धरता. तसं मानायला मला आधार दिसत नाही. दोन आठवड्यांचं ते काम उभं राहिलं ते मागच्या दहा वर्षांच्या जोरावर. तरीही एक प्रश्न उरतोच. त्या पुस्तकातली माणसं कोण होती आणि पुढे त्यांचं काय झालं, हे पुस्तकाबाहेरच राहतं. युद्धाच्या धामधुमीत ते अटळ होतं, असं आपण म्हणू. मग जिथे धामधूम नव्हती असं उदाहरण घेऊ. अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी तुमच्याच रस्त्यानं आलेले: पेनसिल्व्हेनियातल्या एका वृत्तपत्रात नोकरी, मग १९७८ मध्ये फ्रीलान्सर म्हणून भारतात, आणि पुढच्याच वर्षी स्थानिक वेश करून अफगाणिस्तानात. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत त्यांनी एका मुलीचा फोटो घेतला. जून १९८५ मध्ये तो ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आला आणि जगातल्या सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या चेहऱ्यांपैकी एक झाला. तिचं नाव शरबत गुला. ते जगाला कळलं २००२ मध्ये. तोवर तिनं स्वतःचा तो फोटो पाहिलासुद्धा नव्हता. त्या छावणीत गोळीबार चालू नव्हता, नाव विचारून वहीत लिहायला वेळ होता. मॅककरी पुढे तिच्या शोधात गेले, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. पण चेहरा जगभर फिरतो आणि त्या चेहऱ्याच्या बाईला सतरा वर्षं त्याचा पत्ता नसतो, हे कसं घडलं याचा विचार तुमच्या डेस्कनं करायला हवा. चांगला फोटो पोचला की काम संपलं असं मानणाऱ्या व्यवस्थेत असंच घडणार.

संपादक : नाव लिहून घेतल्यानं काय साधतं? मायसेलस यांचा सर्वांत गाजलेला फोटो बाटलीबॉम्ब फेकणाऱ्या माणसाचा. तोही लोकांनी नाव-गाव न विचारता हवा तसा वापरलाच ना?

लेखक : वापरला, आणि मायसेलस यांनी त्याचं पुढे काय केलं तोच माझा मुख्य पुरावा आहे. १६ जुलै १९७९. स्थळ निकाराग्वातलं एस्तेली, नॅशनल गार्ड या सरकारी फौजेच्या छावणीसमोर. बेरे टोपी घातलेला एक तरुण, एका हातात बंदूक, दुसरा हात मागे ताणलेला, त्या हातात पेटत्या वातीची पेप्सीची बाटली, गळ्यात जपमाळ. दुसऱ्या दिवशी हुकूमशहा सोमोसा देश सोडून पळाला आणि १९ जुलैला सांदिनिस्ता क्रांतिकारक राजधानी मानाग्वात शिरले. क्रांतीच्या पहिल्या वाढदिवसाला तो माणूस काडेपेटीवर आला, भिंतींवर स्टेन्सिलनं उमटला, पत्रकांवर छापला गेला. पुढे न्यूयॉर्कच्या एका चित्रकर्तीनं इंटरनेटवर सापडलेल्या प्रतीवरून त्याचं चित्र रंगवलं. कुठला देश, कुठलं साल, काही संदर्भ नाही. एक संतापलेला माणूस, बस्स. तेव्हा मायसेलस यांनी हरकत घेतली, आणि २००७ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात दोघींनी आपापली बाजू मांडली. मायसेलस यांच्या हरकतीचा गाभा मालकीचा नव्हता. हा माणूस कोण आणि कुणाविरुद्ध लढत होता ते पुसू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. हे म्हणायचा अधिकार त्यांना होता, कारण तोवर त्यांनी त्याला शोधून काढलेलं होतं. क्रांतीला दहा वर्षं उलटल्यावर आपलं पुस्तक काखेत मारून त्या निकाराग्वात फिरल्या, फोटोतली माणसं हुडकली, त्यांना बोलतं केलं. त्यांचं बोलणं ‘पिक्चर्स फ्रॉम अ रेव्होल्यूशन’ या १९९१ च्या माहितीपटात आहे. बाटलीवाल्या तरुणाचं नाव पाब्लो अराउस. २००४ मध्ये, क्रांतीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, त्या आणखी एकदा गेल्या आणि भित्तिचित्राएवढे १९ फोटो ज्या जागी काढले होते त्याच जागी, रस्त्यांत आणि मोकळ्या जागांत, उभे केले. ज्या गावांचा तो इतिहास होता त्या गावांतल्या लोकांनी तो तिथेच पाहिला. १९७१ मध्ये आयर्विंग स्ट्रीटच्या दारांवर प्रिंट घेऊन जाणारी मुलगी आणि २००४ मध्ये ट्रकएवढे फोटो घेऊन परतणारी बाई यांची पद्धत एकच आहे. वृत्तछायाचित्रण मध्ये आलं आणि ती पद्धत त्यातही टिकली, म्हणून ते काम आज उभं आहे.

संपादक : त्या कामावर टीका करणारे कमी नव्हते. १९८१ मध्ये ‘निकाराग्वा’ पुस्तक आलं तेव्हा कलावंत-समीक्षक मार्था रोझलर यांनी त्यावर सडकून टीका केली: युद्धाचे रंगीत, देखणे फोटो, आणि फोटोखाली ओळ नाही. मानाग्वाबाहेर नॅशनल गार्ड माणसं मारून टाकायचं ती टेकडी, तिथलं अर्धवट उरलेलं प्रेत, मागे हिरवागार डोंगर आणि तळं. हे सौंदर्य कुणासाठी?

लेखक : या टीकेतला अर्धा भाग मला मान्य आहे. त्या पुस्तकात फोटोओळी आणि लोकांच्या मुलाखती शेवटी एकत्र दिल्या आहेत, पानावर फक्त फोटो. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. वाचक पानं मागे-पुढे करत बसत नाही. उरलेला अर्धा भाग मात्र पटत नाही. तो डोंगर खरोखर हिरवा होता, आणि रंग काढून टाकला म्हणून प्रेताचा अपमान कमी झाला नसता. मारेकऱ्यांनी ती जागा निवडली ती अशी निवांत होती म्हणूनच असेल. ते एकाच चौकटीत दिसणं हा पुरावा आहे.

संपादक : बरं, परक्यानं हा पुरावा गोळा करायचाच कशाला? निकाराग्वाचं निकाराग्वाच्या छायाचित्रकारांनी टिपावं, काश्मीरचं काश्मिरी मुलामुलींनी. आज प्रत्येक शहरात कॅमेरे आहेत, वृत्तसंस्थांचे स्ट्रिंगर आहेत. बाहेरून माणूस पाठवणं ही जुन्या साहेबी थाटाची खोड आहे, असं आता तुमच्याच पंथातले लोक म्हणतात.

लेखक : हा तुमचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि तो पूर्णपणे खोडता येणार नाही, खोडावा असंही मला वाटत नाही. मायसेलस यांनीही तो कामातूनच मान्य केलेला दिसतो. पिनोशेच्या राजवटीतल्या चिलीवर त्यांनी स्वतःच्या फोटोंचं पुस्तक काढलं नाही. चिलीत राहून, जीव धोक्यात घालून फोटो काढणाऱ्या तिथल्याच छायाचित्रकारांचं काम एकत्र करून ‘चिली फ्रॉम विदिन’ हे पुस्तक त्यांनी संपादित केलं. कुर्दिस्तानातही तसंच. सद्दामच्या फौजांनी १९८८ च्या मोहिमेत मारलेल्या कुर्दांच्या सामूहिक कबरी १९९१ मध्ये मानवी हक्क संघटनेबरोबर जाऊन त्यांनी टिपल्या. पण त्यानंतरची सहा वर्षं त्यांनी कुर्दांच्या घराघरांतले आणि जुन्या स्टुडिओंतले फोटो, पत्रं, कागद गोळा करण्यात घालवली. १९९७ च्या त्या ग्रंथात त्यांचे स्वतःचे फोटो हा एक लहान भाग आहे. तरीही काही वेळा परक्याची गरज पडते. एल साल्वादोरमधलं एल मोसोते हे गाव घ्या. डिसेंबर १९८१ मध्ये तिथे लष्करानं शेकडो माणसं मारली, त्यांत मोठ्या संख्येनं लहान मुलं होती. जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वार्ताहर रेमंड बॉनर आणि मायसेलस होंडुरासच्या हद्दीतून पायी आत शिरले आणि पडलेली घरं, प्रेतं, वाचलेल्या बाईची साक्ष घेऊन आले. जानेवारीअखेर ती हकीकत न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या मोठ्या दैनिकांत छापून आली. त्या वेळी साल्वादोरमध्ये राहणाऱ्या कुणा पत्रकाराला हे छापता आलं असतं का? आणि ज्या लष्कराला अमेरिकेचा पैसा मिळत होता त्याचा जाब अमेरिकेच्या वाचकांनीच विचारायचा होता. अमेरिकन सरकारनं हत्याकांड झाल्याचं नाकारलं. १९९२ मध्ये तिथली जमीन उकरली गेली, मुलांची हाडं वर आली, तेव्हा नाकारणं संपलं. म्हणजे फोटोला दहा वर्षं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं. अशा साक्षीमागे जो माणूस असतो तो तिथे किती वेळा गेला, कुणाशी बोलला, काय लिहून ठेवलं, यावरच ती साक्ष टिकते किंवा कोसळते.

संपादक : आणि या सगळ्यात जीव जातात, ते? छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन तुमच्याच पठडीतला. लायबेरियात वर्षानुवर्षं राहिला, अफगाणिस्तानच्या कोरंगल खोऱ्यात एकाच तुकडीबरोबर महिनोन् महिने काढले. २० एप्रिल २०११ ला लिबियाच्या मिस्राता शहरात तोफगोळ्याच्या माऱ्यात गेला. मुक्कामानं वाचवलं नाही.

लेखक : नाही वाचवलं. मुक्काम हे चिलखत आहे असं माझं म्हणणं नाहीच. १९८१ मध्ये साल्वादोरमध्ये सुरुंगावर गाडी जाऊन मायसेलसही जखमी झाल्या होत्या आणि बरोबरचा एक सहकारी दगावला होता. वृत्तसंस्थेची नोकरी हेही चिलखत नसतं. मुंबईत बरीच वर्षं काम केलेले रॉयटर्सचे दानिश सिद्दीकी, ज्यांना रोहिंग्यांच्या फोटोंसाठी सहकाऱ्यांसह २०१८ चं पुलित्झर मिळालं होतं, ते जुलै २०२१ मध्ये स्पिन बोल्दाकला अफगाण फौजेबरोबर असताना मारले गेले. हेदरिंग्टनच्या मृत्यूनंतर त्याचा मित्र सेबास्टियन युंगर यानं फ्रीलान्सरना रक्तस्राव थांबवण्याचं, जखमीला सावरण्याचं शिक्षण देणारी संस्था काढली. ते शिक्षण घेतल्याशिवाय कुणीही युद्धाकडे निघू नये. इथे आपल्यात मतभेद असायचं कारण नाही.

संपादक : शेवटचा मुद्दा पैशाचा. मायसेलस यांच्याकडे अमेरिकन पासपोर्ट होता, मॅग्नम होतं, पुढे मोठ्या फेलोशिप मिळाल्या. अकोल्याच्या किंवा साताऱ्याच्या मुलाला व्हिसा मिळवतानाच नाकीनऊ येतात, फोटोमागे मिळणाऱ्या पैशांत राहण्याचा खर्चही निघत नाही. त्याला दहा वर्षं मुक्काम कर म्हणून सांगणं निर्दयपणाचं आहे.

लेखक : पासपोर्टचा फरक खरा आहे आणि तो मोठा आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष तुमच्या उलट आहे. ज्याच्याकडे एकदाच जाण्यापुरते पैसे आहेत त्यानं तर तयारीशिवाय अजिबात जाऊ नये, आणि ती तयारी घरापासून सुरू होते. आयर्विंग स्ट्रीट हे मायसेलस यांचं राहतं घरच होतं. आपल्याकडे सुधारक ओलवे मुंबईच्या वृत्तपत्रांत नोकरी करता करता महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढत राहिले. त्या कामानंच त्यांना देशाबाहेर ओळख दिली आणि २०१६ मध्ये पद्मश्रीपर्यंत नेलं. बीडहून उसाच्या फडावर निघालेल्या एका टोळीबरोबर एक अख्खा हंगाम राहा, कोपीत झोपा, दिवाळीत गाव सोडणाऱ्या कुटुंबाचा गुढीपाडव्यानंतर परतणारा चेहरा टिपा, आणि पुढच्या हंगामात प्रिंट घेऊन त्याच माणसांकडे जा. याला विमानाचं तिकीट लागत नाही, आणि ढाका किंवा कीव्हला गेल्यावर हेच उपयोगी पडणार आहे. आता तुमच्या डेस्ककडे एक मागणं. तुम्ही जाण्याचा खर्च देता, तसा वर्षातून निदान एका छायाचित्रकाराला परत जाण्याचाही द्या. आणि फोटो हाती आला की त्याला आधी हे विचारा, की यातल्या माणसाचं नाव तुझ्या वहीत आहे का. मोनिंबोच्या मुखवटेवाल्या मुलांसारखं कुणी असेल तर नाव छापू नका, जपून ठेवा. पण वहीत नाव नसेल, तर त्याला तेवढ्यासाठी परत पाठवा.